संप मिटला तो मार्च

मार्च आला की माझ्या वाट्याला परीक्षा येते. आता ती माझी नसते, दहावीच्या पोरांची असते. मी तलाठी आहे, परतूर तालुक्यात. एरवी सातबारा, पंचनामे आणि बांधावरची भांडणं यांत दिवस जातो. पण परीक्षा लागल्या की आमची नावं कॉपीविरोधी पथकात निघतात आणि पेपर संपेपर्यंत केंद्रावर बसून राहायचं काम येतं. यंदा मला आष्टीचं केंद्र मिळालं.

सकाळी दहा वाजता फाटकाशी उभं राहायचं. लिंबाची पानगळ चालू असते. शिपाई झाडून जातो आणि त्याच्या पाठीमागे अंगण पुन्हा पिवळं होतं. समोरची झेरॉक्सची दुकानं हुकमाने बंद, त्यांच्या पायऱ्यांवर आया बसलेल्या. गव्हाच्या मळणीचा भुसा वाऱ्यावर येतो आणि घामेजल्या मानेला चिकटतो. पोरी शेवटच्या मिनिटापर्यंत वहीची पानं उलटत असतात, ओठ हलत असतात. मग एकेक जण माझ्यापुढे येते आणि हात वर करून उभी राहते. त्यांना तपासायचं काम माझं. केसांना खोबरेल तेल, अंगाला भीतीचा वास. मी बाह्या बघते, कंपासपेटी उघडते, पट्टीची मागची बाजू बघते. माझ्या हाताखालून चिठ्ठी जात नाही असा माझा लौकिक आहे. मागच्या वर्षी एका पोरीच्या वेणीतून मी कागद काढला होता. ती रडली, पाया पडली. मी तो कागद केंद्रप्रमुखांच्या टेबलावर ठेवला आणि पुढच्या पोरीला हात वर करायला सांगितलं.

लोक म्हणतात, मॅडम कडक आहेत. मी ते ऐकून घेते.

सात-आठ वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मी जालन्यात होते, शहराच्या नवीन जालना भागात. बस स्टँडच्या बाजूला बियाण्यांच्या दुकानावर एक अभ्यासिका होती. खाली पोत्यांची थप्पी, वर आम्ही. बियाण्याला चोळतात त्या औषधाचा गुलाबी, उग्र वास जिन्यावरून वर चढायचा आणि पुस्तकांत मुरायचा. अजूनही पेरणीच्या आधी एखाद्या शेतकऱ्याने पिशवी फोडली की मला राज्यघटनेची कलमं आठवतात.

मी केदारखेड्याची. आमच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडलांनी ती विकून जमीन धरली. घरात पहिली पदवी माझी. माझ्या शेजारच्या खुर्चीवर रुखसार बसायची. तिचे अब्बा जुन्या जालन्यात शिलाईचं काम करायचे. घरी उर्दू, पण मराठीचं व्याकरण तिला आमच्यापेक्षा पक्कं यायचं. समास सोडवताना ती ओठ दाबून हसायची, जणू शब्दाच्या खोड्या तिच्या ओळखीच्या होत्या. मला गणित जमायचं नाही. ती पेन्सिलीने माझ्या वहीत उदाहरण सोडवून द्यायची आणि म्हणायची, "आता खोड अन् तू कर. माझं बघून लिहिलं तर तुझ्या हाताला काय कळंल?"

तलाठी भरतीचा पेपर आम्ही एका बाकाच्या अंतराने दिला. बाहेर आलो तर फाटकाशी पोरं गोळा झालेली. सकाळपासून तोच पेपर कुणाकुणाच्या फोनवर फिरत होता. परीक्षा रद्द झाली. काही महिन्यांनी पुन्हा घेतली आणि पुन्हा फुटली. त्याच्या दुसऱ्या दिवशी रुखसार अभ्यासिकेत आली, पुस्तक उघडलं आणि दहा मिनिटं एकाच पानाकडे बघत बसली. मग म्हणाली, "सविता, मला वाचता येईना गेलंय. अक्षरं दिसून राह्यलीत, वाचता येईनात."

संप तसा कुणी पुकारला नाही. एका गावात पोरं रस्त्यावर बसली, मग दुसऱ्या, मग राज्यभर. कॉलेजच्या परीक्षांवर बहिष्कार पडला, शिकवण्या बंद झाल्या, अभ्यासिकांना कुलपं लागली. जालन्यात आम्ही एका मैदानाच्या कडेला मांडव घातला. भोकरदनची, अंबडची, मंठ्याची पोरं ट्रॅक्टरमधून यायची. परतूरकडचा विलास आमचा पुढारी, आवाज मोठा, शर्ट कायम बाहेर. दुपारी रस्ता वितळायचा, मांडवाचं कापड तापायचं आणि आम्ही त्याखाली बसून एकमेकांचे प्रश्न सोडवायचो. संपात अभ्यास. ते दिवस मला आवडायचे हे कबूल करायला हवं. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी नापास झालेली नव्हते.

मागण्या रुखसारने लिहिल्या. एकच पान, तीन मुद्दे: फेरपरीक्षा कधी ते सांगा, पेपर फोडणाऱ्यांना पकडा, ज्यांचं वय उलटतंय त्यांना एक संधी वाढवून द्या. विलासला आणखी दहा मुद्दे हवे होते. ती म्हणाली, "मोठ्या माणसापाशी टाइम नसतो. तीन ऐकून घेतले तरी खूप झालं."

आणि मोठा माणूस खरंच येणार होता. दिल्लीत ज्यांच्या एका शब्दाने खुर्च्या हलतात असे राष्ट्रीय नेते, त्यांची सभा जालन्यात ठरली. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. नावाने काही फरक पडत नाही. संप सुरू झाल्यापासून ते पोरांबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. आदल्या दिवशी मांडवात निरोप आला, साहेब सभेआधी विद्यार्थ्यांना भेटतील, तिघांना पाठवा. कुणीतरी मागे बसलेली पोर रडायला लागली, आनंदाने. आम्हाला वाटलं, ऐकलं.

विलास, रुखसार आणि मी. सकाळी दहाला सरकारी विश्रामगृहावर पोचलो. फाटकावर फोन काढून घेतले. मग पोलीस बाई रुखसारकडे बघून म्हणाल्या, "काळं चालत न्हाई आत. काढून ठिवा."

"ताई, हा बुरखा आहे. निषेधाचा न्हाई."

"मला कळतंय ना बाई. पण वरून सांगितलंय, काळं म्हंजी काळं. छत्रीसुद्धा काढून ठिवली आम्ही लोकांची."

रुखसार माझ्याकडे बघत राहिली. विलास घड्याळ बघत होता. तो म्हणाला, "काढ ना रुखसार, पाच मिनिटाचा तर प्रश्न आहे. बाहेर हजार पोरं बसलीत." ती भिंतीकडे तोंड करून वळली. मी तिला माझी पिवळी ओढणी दिली. तिने ती डोक्यावरून घेतली, दोनदा नीट केली. आत जाताना माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली.

आम्हाला एका खोलीत बसवलं. पंखा होता, वीज नव्हती. पाणी मागितलं तर येतंय म्हणाले, आलं नाही. रुखसार मागण्यांचं पान परत परत वाचत होती, हिंदीत मनातल्या मनात मांडत होती. साडेबारा वाजता दार उघडलं आणि एकदम पंधरा-वीस माणसं आत आली. आधी दोन कॅमेरेवाले, मग साहेब.

मला त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं आहे, पण त्या दोन मिनिटांत ते वाईट वागले असं मला म्हणता येत नाही. चंदनाचा मंद वास, इस्त्रीचा कुर्ता, चेहऱ्यावर हसू. त्यांनी विलासच्या खांद्यावर हात ठेवला. रुखसारला विचारलं, "क्या नाम है बेटी?" तिने सांगितलं. "बहुत अच्छा. बोलो."

ती उभी राहिली. पान समोर धरलं. "सर, हमारी तीन माँगें हैं. पहली..."

"पहले मुँह मीठा," साहेब म्हणाले. मागच्या माणसाने खोका पुढे धरला. त्यांनी पेढा उचलला आणि तिच्या उघड्या तोंडात घातला. सगळा, एकदम. कॅमेरे चमकले. ती चावायला लागली, गिळायला लागली, कारण पुढचं वाक्य बोलायचं होतं. सकाळपासून तोंडाला पाणी नव्हतं. पेढा घशात बसला, डोळ्यांत पाणी आलं, ओठाला चुरा लागला. साहेब हसले. "देखो, कितनी भूखी थी बच्ची."

सगळे हसले. तिने हाताने पान पुढे केलं. साहेबांनी ते घेतलं आणि न बघता मागे दिलं. मागच्याने त्याची चार घड्यांची पुडी केली आणि खोक्याखाली धरली. दार बंद झालं. रुखसार अजून गिळतच होती.

आम्ही निघालो तर दारावरचा शिपाई म्हणाला, सभा होईपर्यंत बाहेर सोडायचं नाही, बंदोबस्त आहे. कडी बाहेरून लागली. सभेचं मैदान जवळच, भोंग्यातून सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी सुरुवातीला चार वाक्यं मराठीत म्हटली, टाळ्या पडल्या. मग रस्ते, धरणं, देश. आणि मग, "अभी-अभी आपकी बेटियों का मुँह मीठा करके आ रहा हूँ. हड़ताल खतम." टाळ्या. "अरे, एक पेपर फूट गया तो इतना रोना? बचपन में हमारी तो स्लेट फूटती थी. माँ की मार खाते थे और दूसरी लाते थे. धरने पर नहीं बैठते थे."

मैदान हसलं. हजारो माणसांचं हसणं भोंग्यातून येतं तेव्हा ते हसण्यासारखं वाटत नाही, खडी ओतल्यासारखं वाटतं. त्यात आमच्या पोरांचे बापही असणार. आणि खरं सांगते, मलाही हसू आलं. वाक्य चांगलं होतं. मी तोंडावर हात धरला, पण रुखसारने बघितलं.

थोड्या वेळाने बाहेर पळापळ ऐकू आली. शिट्ट्या, काच फुटल्याचा आवाज. ताफ्यातल्या एका गाडीवर कुणीतरी दगड टाकला होता. कुणी टाकला ते आजपर्यंत ठरलेलं नाही.

चारच्या सुमारास एक अधिकारी आत आला. साधा शर्ट, खिशाला पेन. कुठल्या खात्याचा ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने खुर्ची ओढली, पाणी मागवलं, आम्हाला दिलं. मग दोन कागद काढले. एकावर नावांची यादी होती, दगडफेक करणाऱ्यांची. वरून दुसरं नाव विलासचं, चौथं माझं, पाचवं रुखसारचं.

विलास म्हणाला, "साहेब, आम्ही सकाळपासून हितंच आहोत. बाहेरून कडी होती."

"मला माहीत आहे," तो म्हणाला, "पण कागदाला माहीत नाही."

तो आवाज चढवून बोलला नाही. एखादा काका समजावतो तसं त्याने समजावलं. गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत अडकतो. मग फेरपरीक्षा होवो, पास व्हा, पहिले या, नेमणूक नाही. दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं की साहेबांच्या आश्वासनाने आमचं समाधान झालं असून विद्यार्थ्यांच्या वतीने आम्ही संप मागे घेत आहोत. खाली सह्या करायच्या. ज्याची सही, त्याचं नाव यादीतून जाईल.

विलासने पेन घेतलं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला वडील दिसत होते, मेंढरं विकून आलेल्या दिवशी रिकाम्या वाड्यात उभे असलेले. हे मी नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. त्या क्षणी खरंच ते दिसत होते की नाही, आता शपथेवर सांगता येणार नाही. मी सही केली.

रुखसार म्हणाली, "माझं समाधान झालं न्हाई."

"बेटा, नीट विचार कर," अधिकारी म्हणाला.

"तेच करून राह्यले. मला बोलूच दिलं न्हाई तर समाधान कशाचं झालं?"

त्याने पेनाचं टोपण लावलं. "तुझी मर्जी." जाता जाता वळून म्हणाला, "फोटो मात्र छान आलाय तुझा."

आम्ही मांडवाकडे पोचेपर्यंत तो फोटो प्रत्येक फोनवर होता. साहेबांचा हात, पेढा, उघडं तोंड, पिवळी ओढणी, डोळ्यांतलं पाणी आनंदाचं वाटावं असं. मी चौकटीबाहेर होते, माझा फक्त कोपर दिसत होता. खाली लिहिलेलं, लेकींच्या समाधानाने संप मागे. पोरं अर्धी उठून गेली होती. राहिलेली आमची वाट बघत उभी होती.

"कितीला इकलं आम्हाला?" कुणीतरी विचारलं. रुखसारला विचारलं.

"मी सही केली न्हाई," ती म्हणाली. "तुमी सविताला विचारा. विलासला विचारा."

सगळे आमच्याकडे बघायला लागले. विलास म्हणाला, "आत काय काय झालं ते सांगण्यात आता अर्थ न्हाई. संप मोडला, खरंय." आणि तो बुटाची नाडी बांधायला वाकला.

मग रुखसार माझ्याकडे वळली. "सांग ना."

मी काही बोलले नाही. 'ती खोटं बोलते' असंही म्हणाले नाही. मी फक्त जमिनीकडे बघत राहिले आणि ते पुरलं. एक पोरगी पुढे आली, दोन महिने एका सतरंजीवर बसलेली, आणि रुखसारच्या पायापाशी थुंकली. कुणीतरी मागून ओरडलं, "पेढेवाली!" ते नाव तिला चिकटलं ते चिकटलं.

तिच्या घरी मी दोन दिवसांनी गेले. का गेले ते सांगता येत नाही, बहुतेक ती मला शिव्या देईल आणि हलकं वाटेल म्हणून. अब्बा मशीनवर बसले होते, पाय हलत होता, सुईखाली कापड नव्हतं. मोहल्ल्यात फोटोची वेगळीच चर्चा होती. पोरगी उघड्या तोंडाने परक्या माणसाच्या हातून खाते म्हणे. अब्बा म्हणाले, "बेटा, तुम तो साथ में थे ना. बच्ची कुछ गलत की क्या?"

"नहीं चाचा," मी म्हणाले.

"तो जरा बाहर बोल देते. दो लोगों को बोले तो भी बस."

मी हो म्हणाले. रुखसार आतल्या दारात उभी होती. तिने शिव्या दिल्या नाहीत. चहा दिला.

फेरपरीक्षा झाली. ती जिल्ह्यात वरच्या नावांत आली, मी बरीच खाली, पण माझा प्रवर्ग वेगळा, माझी यादी वेगळी. माझ्या जागेचा तिच्या जागेशी काही संबंध नव्हता, हे मी लोकांना न विचारता सांगत असते. पडताळणीत तिचा गुन्हा निघाला. निकाल लागेपर्यंत थांबा, असं कळवलं. अजून थांबवलेलंच आहे. विलास साहेबांच्याच पक्षात गेला, सभेचे मांडव आता तो घालतो.

मार्चच्या दुपारी, वर्गावर्गांत तीनशे पोरं मान खाली घालून लिहीत असताना, मला साहेबांचा विचार येतो. त्यांच्यावर चिडता येईल अशी एक जागा मी शोधत असते. त्यांनी लाठ्या चालवल्या असत्या तर सोपं होतं. आम्हाला देशद्रोही म्हटलं असतं तर आम्ही एकत्र राहिलो असतो. पण त्यांना आमचा रागसुद्धा आला नव्हता. जेवणाआधी हात धुवावेत तसं त्यांनी आम्हाला उरकलं. बाकीचं सगळं आम्ही आमच्या हाताने केलं, एकमेकांना. मला वाटतं, त्यांना हे आधीच ठाऊक होतं. इतकी वर्षं सत्तेत राहणाऱ्या माणसाला पोरांबद्दल हे नक्की ठाऊक असतं.

यंदा मराठीच्या पेपरच्या दिवशी फाटकाशी एक बाई सात-आठ पोरींना घेऊन आली. प्रत्येकीचं हॉलतिकीट बघत होती, पेनं चालतात का ते हातावर ओढून बघत होती. पोरी तिला आपा म्हणत होत्या. तिने मान वर केली. रुखसार आष्टीत सासरी असते आणि घरात पोरींची शिकवणी घेते, हे मला माहीत नव्हतं.

"सविता? तू आलती का हितं ड्युटीला," ती म्हणाली, जणू काल भेटलो होतो. "बरं झालं. माझ्या पोरींना लवकर सोड, घाबरल्यात."

मी तिच्या पोरींना तपासलं. कुणाकडे काही नव्हतं. सगळ्या आत गेल्यावर ती माझ्याशेजारी लिंबाखाली उभी राहिली. केस अजून चालू आहे म्हणाली. तारखा पडतात, ती जालन्याला जाते. "आता वकील म्हणतेत, बचावाचा एक साक्षीदार दे. दगड पडला तवा मी खोलीत होते, कडी बाहेरून होती, एवढं कुणीतरी सांगावं लागंल. विलासला फोन केल्ता. तो उचलीत न्हाई."

मी घाम पुसला.

"तुला फसवायचं न्हाई मला," ती म्हणाली. "सहीचं कुणी विचारणार न्हाई. तू सरकारी माणूस आहेस, तुझं बोलणं बराबर धरतील. पुढच्या आठवड्यात बुधवारी तारीख आहे. पाच मिनिटाचं काम."

"बुधवारी पेपर आहे," मी म्हणाले. "बघते. सुट्टी मिळाली तर नक्की येते."

"बघ," ती म्हणाली आणि माझ्या हाताला हात लावून गेली.

सुट्टी मी मागितली नाही. सरकारने घातलेल्या केसमध्ये सरकारी नोकराने आरोपीच्या बाजूने साक्ष दिली तर वर काय विचारतील, बढतीचं काय होईल, एवढ्या सगळ्या गोष्टी मी मनात मांडल्या. त्यातली एकही कुणी मला प्रत्यक्षात म्हटलेली नव्हती. बुधवारी मी केंद्रावर गेले. भूमितीचा पेपर होता. एका पोरीच्या कंपासपेटीत मला प्रमेय लिहिलेला कागद सापडला, तो मी टेबलावर ठेवला.

संध्याकाळी रुखसारचा फोन आला. मी उचलला.

"आली न्हाईस."

"पेपर होता गं. जमलंच नाही."

मागे कुठल्यातरी स्टँडवरचा गोंगाट ऐकू येत होता, कंडक्टर परतूर, परतूर ओरडत होता. ती जालन्याहून परत निघाली होती.

"माझ्या पोरींना कसा गेला?" तिने विचारलं.

"सोपा होता," मी म्हणाले. "हसत बाहेर आल्या."

"मंग झालं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

भूमितीचा पेपर दुपारी दीडच्या आत सुटला होता. आष्टीहून जालना दोन तासांवर आहे आणि कोर्ट पाचपर्यंत चालतं. तिने हे मला विचारलं नाही.